गव्हाचा आयरिश सोडा ब्रेड: सोडा, ताक, पीठ... नेमकं काय चुकतंय?

कोंड्याचा मांडा
आयर्लंडमध्ये ज्याला नुसतं 'ब्राउन ब्रेड' म्हणतात तो सोडा ब्रेड करायचा आहे. यीस्ट नाही, अंडं नाही, साखर नाही. घेतलेलं प्रमाण: ४५० ग्रॅम बाजारची कणीक, २ चमचे खाण्याचा सोडा, १ चमचा मीठ, दोन वाट्या ताक. पाच मिनिटं मळलं, वीस मिनिटं झाकून ठेवलं, २५ लिटरच्या ओटीजीत १८० अंशांवर ४० मिनिटं भाजलं. निकाल: वरून दगड, मधे गिच्च गोळा, कापल्यावर पिवळे ठिपके आणि साबणाचा वास. मुक्काम पुणे, त्यामुळे इथे मिळणाऱ्या सामानात बसेल असं सांगा. आणि कृपया वजनात सांगा, 'अंदाजाने' नको.

लिफीकाठ
मळलंत आणि झाकून ठेवलंत, निम्मं तिथेच बिघडलं. यीस्टचं पीठ थांबलं की फुगतं, हे थांबलं की बसतं. ताकातलं आम्ल सोड्याला भेटलं की वायू लगेच सुटायला लागतो. तो पिठात आहे तोवर ब्रेड भट्टीत जायला हवा. म्हणून आधी ओव्हन पूर्ण तापवायचा, मगच ताक ओतायचं. ओतल्यापासून ओव्हनचं दार लागेपर्यंत पाच मिनिटं पुष्कळ झाली.

एका ब्रेडचं प्रमाण:
गव्हाचं जाडसर पीठ २५० ग्रॅम
मैदा २०० ग्रॅम
खाण्याचा सोडा १ सपाट छोटा चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम
मीठ तेवढंच
दाट आंबट ताक ४०० मिली, शिवाय ५० मिली हाताशी

सोडा चहाच्या गाळणीतून मैद्यात चाळून घ्या. तुमचे पिवळे ठिपके म्हणजे न फुटलेल्या सोड्याच्या गुठळ्या. सगळं कोरडं मोठ्या पसरट परातीत हाताने सैल करा, मधे आळं करा आणि बहुतेक सगळं ताक एकदम ओता. थेंबथेंब घालत बसलात तर जास्त ढवळावं लागतं. आता एका हाताची बोटं ताठ आणि फाकवलेली ठेवून, पंजा आखडल्यासारखा करून, मधून कडेकडे गोल फिरवा. आठ-दहा फेऱ्यांत कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात बाहेर. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा बरंच सैल, थालीपिठाच्या जवळपास, आणि दिसायला ओबडधोबड हवं. गुळगुळीत दिसायला लागलं तर जास्त हाताळलंत असं समजा.

पिठी भुरभुरलेल्या ओट्यावर काढून कडा आत सारत ४ सेंटीमीटर उंचीचा गोल करा. वर सुरीने या कडेपासून त्या कडेपर्यंत फुली, निम्म्याहून खोल. चारही भागांत सुरीचं टोक एकेकदा टोचा. परी बाहेर पडावी म्हणून, असं तिकडची मंडळी सांगतात. खरं काम उष्णता मध्यापर्यंत नेण्याचं. तुमचा मधला गिच्चपणा फुलीनेच निम्मा जाईल.

२३० अंशांवर १५ मिनिटं, मग २०० वर २५ ते ३०. उलटा करून बुडावर बोटाने वाजवा. पोकळ आवाज आला पाहिजे. सुईचा थर्मामीटर असेल तर मधे ९५ अंशांच्या वर.

दळण
पिठाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे सगळ्यात जास्त फसगत होते.

आयर्लंडच्या ओल्या, थंड हवेत येणारा गहू मऊ. त्यात ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिन, कमी, म्हणून यीस्टच्या पावाला तो फारसा कामाचा नाही. एकोणिसाव्या शतकात सोडा स्वस्त झाला आणि त्या पिठाला जोडीदार मिळाला. १८३६ साली काउंटी डाउनमधल्या वर्तमानपत्रात त्याची कृती छापून आली होती, म्हणजे १८४५ च्या मोठ्या आयरिश दुष्काळाच्या आधीच. ब्राउन ब्रेडचं तिथलं पीठ भरडलेलं असतं. चिमटीत घेतलं तर कोंड्याचे पापुद्रे वेगळे दिसतात.

आपली कणीक नेमकी उलटी. पोळी लुसलुशीत व्हावी म्हणून ती बारीक दळतात. चक्कीत दळताना स्टार्चचे कण बरेच फुटतात, त्यामुळे ती पाणी भरपूर पिते. पोळीला हे हवंच असतं, पण ब्रेडमध्ये ते पाणी आत अडकतं आणि गर चिकट राहतो. नुसत्या कणकेचा सोडा ब्रेड गिच्च होण्याचं कारण हे. तुमच्या ओटीजीला दोष देऊ नका.

उपाय सोपा आहे. गिरणीवाल्याला 'लाडवासाठी रवाळ दळून द्या' म्हणा, अर्धा किलो गहू पुरे. गहू लोकवन चालेल. खपलीही चालते, पण तिच्यात ताण कमी, त्यामुळे ब्रेड जास्त भुसभुशीत होतो. तिच्यासोबत मैदा निम्म्याहून कमी करू नका. गिरणी शक्य नसेल तर २०० ग्रॅम कणीक, २०० ग्रॅम मैदा आणि ५० ग्रॅम लापशी रवा. रवा त्याच ताकात अर्धा तास आधी भिजवायचा, नाहीतर दाताखाली खडे. यात सोडा मात्र शेवटी, पिठातूनच. भिजवणात टाकलात तर सगळा वायू भांड्यातच संपला.

मोजमाप
साबणाच्या वासाचा हिशेब मांडतो. ८४ ग्रॅम सोड्याला ९० ग्रॅम लॅक्टिक आम्ल लागतं, म्हणजे जवळजवळ वजनास वजन. चांगल्या आंबट ताकात ते पाऊण ते एक टक्का असतं. ४०० मिलीत साधारण साडेतीन ग्रॅम धरा. त्यात ५ ग्रॅम सोडा घातला तर थोडा उरतो, आणि तो उरलेला गर तपकिरी करून खमंगपणा आणतो. तुमच्या दोन चमच्यांत १० ग्रॅम होता. उरलेल्याचं भट्टीत सोडियम कार्बोनेट होतं, म्हणजेच धुण्याचा सोडा. वास साबणाचा येणार नाही तर काय!

पडताळून बघायचं तर ब्रेडचा चमचाभर गर थोड्या पाण्यात कुस्करा आणि चिमूटभर हळद टाका. पिवळी राहिली तर ठीक, लालसर झाली तर सोडा जास्त. साबण लागल्यावर हळदीचा डाग लाल होतो, तोच प्रकार.

डबा वर्षभर उघडा असेल तर सोडाही तपासा. लिंबाच्या चार थेंबांवर जोरात फसफसला पाहिजे. इनो वापरू नका, त्यात त्याचं आम्ल आधीच आहे. ताकाचा आंबटपणा मग तसाच उरतो.

कोंड्याचा मांडा
हळदीने लाल झालं! लगेच. :)
ताकाचं सांगा. घरचं ताक म्हणजे लोणी काढून उरलेलं, ते चालेल का? आणि दुधात लिंबू पिळून करतात ते?

लिफीकाठ
मूळचं 'बटरमिल्क' हेच होतं, लोणी काढल्यावर उरलेलं ताक. आता तिकडे दुकानात मिळतं ते विरजलेलं दूध, आपल्या पिण्याच्या ताकापेक्षा बरंच दाट. आपण घुसळताना पाणी भरपूर घालतो, त्यामुळे आम्लही पातळ होतं. ब्रेडसाठी ३०० ग्रॅम दही आणि १०० मिली पाणी एवढंच घुसळा. दही आदल्या रात्री लावलेलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर राहिलेलं. गोड दही कामाचं नाही. हिंग-जिरं लावलेला मठ्ठा अर्थातच नाही.

मोजमाप
दूध-लिंबू चालतं, पण ४०० मिलीला दीड मोठा चमचा रस घातला तरी आम्ल ताकाच्या निम्म्यानेच मिळतं. तेव्हा सोडा अर्ध्या चमच्याच्या जरा वर ठेवा. चव ताकाची ती ताकाचीच.

बिडाचा तवा
ओव्हन नसणाऱ्यांसाठी. जुन्या आयरिश घरांत तरी ओव्हन कुठे होता? 'बॅस्टिबल' नावाचं तीन पायांचं बिडाचं भांडं पीटच्या (दलदलीतून काढलेल्या जळणाच्या) विस्तवावर ठेवायचं आणि झाकणावर निखारे. कोकणात धोंडस करताना खाली-वर विस्तव असतो, तेच तंत्र. ओटीजीत जाड बुडाचं झाकणाचं भांडं मावत असेल तर ते रिकामंच आधी तापवा, ब्रेड आत सोडा, पहिली २५ मिनिटं झाकण. छोट्या ओटीजीत वरची कांडी ब्रेडच्या डोक्यावरच येते, म्हणून वरून दगड होतो. जाळी सगळ्यात खालच्या खाचेत ठेवा आणि झाकण नसेल तर वीस मिनिटांनी वर फॉइल टाका. ओटीजीच्या खटक्यावरचा आकडा बऱ्याचदा खोटा असतो. आत ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या.

आणि तेही नको असेल तर उत्तर आयर्लंडचा 'फार्ल' करा, तव्यावरचा सोडा ब्रेड. फार्ल म्हणजे शब्दशः चतकोर. २५० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा सोडा, अर्धा चमचा मीठ, २०० मिली ताक. दीड सेंटीमीटर जाडीचा गोल थापून चार तुकडे करा. कोरड्या बिडाच्या तव्यावर मंद आचेवर एका बाजूने ७-८ मिनिटं, मग दुसरी बाजू. शेवटी तुकडे उभे करून कापलेल्या कडा मिनिटभर शेका. कडा राहिल्या की आत ओलसर लागतं. तेल-तूप नको. आच मोठी केलीत तर बाहेर करपेल आणि आत पीठ.

दळण
फार्लला कणीक नकोच, लाटलेल्या जाड पोळीसारखी लागते.

खिसमिस
ओट्स, अंडं, काकवी, मनुका घातल्या तर? बऱ्याच कृतींत दिसतात.

लिफीकाठ
मनुका घातल्या की नाव बदलतं, 'स्पॉटेड डॉग' म्हणतात. तो पांढऱ्या पिठाचा. ब्राउन ब्रेडमध्ये माझ्या मते नकोत. काकवी-यीस्टवाला ब्राउन ब्रेड बॅलीमलू या आयरिश हॉटेलचा, तो प्रकारच वेगळा. दोन्ही कृतींची सरमिसळ करून लोक फसतात.

दळण
ओट्सना माझी हरकत नाही. ५० ग्रॅम पीठ कमी करून तेवढे जाड ओट्स घाला, ताक ३० मिली जास्त. ब्रेड ओलावा धरतो, दुसऱ्या दिवशीही बरा लागतो. असं सैल पीठ गोल थापायच्या भानगडीत न पडता लोफच्या टिनमध्ये ओता, २०० अंशांवर ५० मिनिटं. शेवटची पाच टिनबाहेर काढून, बूड वर करून.

कोंड्याचा मांडा
लोकवन रवाळ दळून, ५ ग्रॅम सोडा, दही ३००, पाणी १००, खालची खाच, २३० मग २००. मधे शिजला, ठिपके नाहीत, हळद पिवळी. दोन प्रश्न राहिले. कवच फार कडक आहे, आणि कापताना चुरा होतो.

लिफीकाठ
बाहेर काढल्याबरोबर स्वच्छ पंचात गुंडाळून जाळीवर ठेवा. वाफेने कवच मऊ पडतं. चुरा होतोय कारण गरम कापताय. निदान तासभर थांबा. त्याच दिवशी संपवायचा, लोणी मात्र जाड थराने. उरला तर काप करून फ्रीझरमध्ये टाका आणि थेट टोस्ट करा.

खिसमिस
मी सूर्यफुलाच्या बिया घातल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आत हिरवे डाग! बुरशी का?

मोजमाप
बुरशी नाही. त्या बियांतलं क्लोरोजेनिक आम्ल उरलेल्या सोड्याबरोबर हिरवं होतं. खायला हरकत नाही. डाग नको असतील तर सोडा पाव चमचा कमी करा, किंवा भोपळ्याच्या बिया घाला. त्या हिरव्याच असतात, कोणी विचारणार नाही.