मदत हवी आहे : 'पॅनिक अटॅक'ला मराठीत काय म्हणू?

मंडळी, कादंबरी अडलीय. नायक अमेरिकेतल्या कॉलेजात आइस हॉकीचा गोलकीपर, नायिका तिथेच फिजिओथेरपी शिकणारी पुण्याची मुलगी. प्रेमाचं माझं मी बघते, ते जमतंय.

घोडं अडलंय तिसऱ्या प्रकरणात. सामन्याआधी त्याला पॅनिक अटॅक येतो. छातीत धडधड, बोटांना मुंग्या, श्वास पुरेना, आता आपण मरणार अशी खात्रीच. काही मिनिटांत लाट ओसरते आणि हा गडी हेल्मेट चढवून बर्फावर उतरतो. नायिका हे रात्री आईला फोनवर सांगते. 'भीतीचा झटका' म्हटलं तर फिट आल्यासारखं वाटतं, 'घाबरला' म्हटलं तर आई म्हणणार, मग लिंबूपाणी द्यायचं! तुमच्या घरात कुणाला असं झालं तर कुठला शब्द वापरता?

दुसरं. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स सांघिक अंतिम फेरीतून मानसिक स्वास्थ्याचं कारण सांगून बाहेर पडली, ते सगळ्या जगाने पाहिलं. पण माझ्या नायकाची स्कॉलरशिप हॉकीवर आहे, आणि गोलपोस्टसमोर जागा एकच. त्याच्या जागेसाठी दुसरा टपून बसलाय. तो कोचला सांगेल का? कॉलेजच्या समुपदेशकाकडे गेला तर ते कोचच्या कानावर जातं का? कुणाची मुलं तिकडे कॉलेजच्या संघात खेळली असतील तर जरूर लिहा. तिच्या प्रेमाने तो बरा होतो, असला शेवट मात्र सुचवू नका.