कंटेनर निघाला नसेल तर ‘येस’ म्हणायचं की ‘नो’?

पॅकहाउसवाला
मोहाडीजवळ एका पॅकहाउसमध्ये डिस्पॅच बघतो. द्राक्षांचा सीझन लागला की हॉलंडच्या खरेदीदाराचा माणूस रोज दुपारी फोन करतो आणि त्याचा प्रश्न कायम उलटाच असतो: ‘सो द कंटेनर हॅजन्ट लेफ्ट यट?’ कंटेनर इथेच डॉकला लागलेला, थॉम्पसन द्राक्षांचे पॅलेट अजून प्रीकूलिंगमध्ये. मी म्हणतो ‘येस’. म्हणजे हो बाबा, नाही निघाला. आमचे डॉक्युमेंटेशनवाले साहेब म्हणतात, ‘नो’ म्हण. अहो, तो बरोबर बोलतोय आणि मी त्यालाच ‘नो’ म्हणू? उद्या त्याला वाटायचं, गाडी न्हावाशेवाला पोचली! ऑफिसात दोन पार्ट्या पडल्यात, मिसळीची पैज लागलीय. पुस्तकी व्याकरण नको, फोनवर चालेल असं सांगा.

ओझरकर
साहेबांचं बरोबर आहे. ‘नो, इट हॅजन्ट.’ मिसळ द्या.

संध्याकाळची बॅच
कॉलेज रोडला नोकरदारांना इंग्रजी बोलायला शिकवते. हा प्रश्न दर बॅचला येतो, त्यामुळे जरा लांबण लावते.

मराठीतलं आपलं ‘हो’ बोलणाऱ्याला उद्देशून असतं: तुझं खरं आहे. इंग्रजीतल्या ‘येस-नो’ला बोलणाऱ्याशी देणंघेणं नाही. कंटेनर निघाला असेल तर येस, उभा असेल तर नो. ‘हॅज इट लेफ्ट?’ नो. ‘हॅजन्ट इट लेफ्ट?’ नो. ‘इट हॅजन्ट लेफ्ट यट?’ तरीही नो. आणि पुढचं शेपूट त्याच रंगाचं हवं: ‘येस, इट हॅज’ किंवा ‘नो, इट हॅजन्ट’. ‘येस, इट हॅजन्ट’ ऐकलं की समोरचा गप्प होतो, कारण अर्धं वाक्य इकडे ओढतंय न् अर्धं तिकडे.

वर्गात मी फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘कंटेनर उभा’ लिहिते आणि एकाला त्याच्याकडे तोंड करून उभं करते. मागून बाकीचे वाट्टेल तसे प्रश्न फेकतात. त्याने प्रश्नातला ‘नॉट’ कानाआड करायचा आणि फळा वाचून उत्तर द्यायचं. पंधरा मिनिटांत जीभ वळते. फोनवर फळा नसतो, पण तुमच्या हातात डिस्पॅचचा कागद असतोच ना? तो बघून बोला.

खरा घोटाळा फोनवर नाही, ऑडिटला होतो. ऑडिटर विचारतो, ‘यू डोन्ट वॉश द क्रेट्स?’ रोज क्रेट धुणारा पोरगा घाबरून ‘नो सर, नो सर’ करतो. त्याला म्हणायचं असतं, छे हो, धुतो की! ऑडिटरच्या कानात पडतं, धूत नाही. तिथे ठणकावून ‘येस, वी डू’ म्हणायचं, जोर ‘डू’वर. हे तुमच्या धुलाईवाल्या पोरांकडून आधी घोकून घ्या, साहेबांचं नंतर बघू.

‘डू यू माइंड इफ आय सिट?’ हाही त्याच जातीचा. बसू द्यायचं असेल तर ‘नॉट ॲट ऑल’.

गोदाकाठचा वाचक
ताई, मराठीचं एवढं सरळ नाही. ‘नाही ना निघाला अजून?’ असं विचारलं तर आमच्या घरी सगळे ‘नाही ना!’ म्हणतात. ‘हो, नाही निघाला’ही चालतं. आपल्याकडे दोन्ही खपतं.

बाकी इंग्रजीलाही पूर्वी दोन शब्द पुरत नव्हते. सरळ प्रश्नाला ‘ये’ आणि ‘ने’, नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ आणि ‘नो’, अशी चार उत्तरं होती. इंग्रज लेखक थॉमस मोरने १५३२ साली बायबलचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या टिंडेलला यातल्याच ‘ने’ आणि ‘नो’च्या गल्लतीवरून झापलं होतं. पुढे चारातले दोनच उरले आणि निस्तरायला आपण. तुमच्या त्या डच माणसाच्या भाषेत नकार खोडून काढायला आजही वेगळा ‘यावेल’ आहे, जर्मनीत ‘डॉख’, फ्रेंचात ‘सी’. आपण ते काम ‘की’वर भागवतो: निघाला की!

संध्याकाळची बॅच
मान्य, आपलं दोन्ही खपतं. पण इंग्रजी बोलताना माझ्या बॅचची पोरं हटकून ‘हो’वालंच उचलतात. आणि नुसती मान डोलवायचीच असेल तर ‘राइट, नॉट यट’ म्हणा. ‘राइट’ त्याच्या बोलण्याला लागतं, कंटेनरला नाही. इंग्रज स्वतःही असंच बोलतात.

पॅकहाउसवाला
बरं, मिसळ माझ्याकडून. पण आत्ताच त्याचा मेसेज आलाय: ‘सो नो लेबल्स टुडे?’ लेबलं संध्याकाळी येणारेत. ‘नो’ टाकलं तर तो म्हणेल आज नाहीच, ‘येस’ टाकलं तर म्हणेल आली.

ओझरकर
दोन्ही टाकू नका. ‘लेबल्स कमिंग बाय सिक्स.’

संध्याकाळची बॅच
सहा कुणाचे, तेही लिहा. हॉलंडला तेव्हा दुपार असते.