लो-कार्ब पिझ्झा: तुमचा बेस कुरकुरीत झाला की मऊ पडला?

गेल्या रविवारी माझ्या बशीत जे पडलं त्याला पिझ्झा म्हणायला जीभ रेटत नाही. मैदा टाळून कर्बोदकं कमी करायची म्हणून फ्लॉवरचा बेस, त्यावर टोमॅटो सॉस, काळे ऑलिव्ह, फेटा (खारं, भुसभुशीत चीज), वरून ओरेगानो. ओव्हनमधून निघाला तेव्हा असा देखणा की फोटोही काढला. तुकडा उचलला, तर टोकाने मान टाकली आणि ऑलिव्ह घरंगळत बशीत. शेवटी चमच्याने खाल्ला. चव चांगली होती, त्यामुळे जास्तच हळहळ वाटली.

मैद्याशिवाय आणि हे भूमध्य समुद्राकडचं सामान घालून ज्यांनी पिझ्झा केलाय, त्यांनी अनुभव लिहा. पाककृती कुठेही मिळते. कुठे फसलं आणि मग काय बदललं, ते हवंय.

पिळदार:
फ्लॉवर ओला राहिला, दुसरं काही नाही. त्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. मीही पहिल्यांदा किसून तसाच अंड्यात कालवला होता, तो बेस नव्हता, उपमा होता.

आता अर्धा किलो फ्लॉवर बारीक किसते, पाच-सहा मिनिटं वाफवते आणि ताटात पसरून पूर्ण गार होऊ देते. (एकदा घाईने गरमच पिळायला गेले, दोन दिवस बोटं हुळहुळत होती.) मग सुती फडक्यात पुरचुंडी बांधून पिळायचं. पाणी थांबलं असं वाटलं की पुरचुंडी दहा मिनिटं तशीच ठेवायची आणि पुन्हा पिळायची. या दुसऱ्या पिळण्यात जे निघतं ते बघून थक्क व्हाल. वाटीभराहून जास्त पाणी जातं आणि हातात मोठ्या मुठीएवढा गोळा उरतो. त्यात एक अंडं, ५० ग्रॅम किसलेलं पार्मेझान (कडक, खारट चीज), ओरेगानो. मीठ नाही, ते फेटा आणि ऑलिव्ह आणतात.

अर्ध्या सेंटीमीटरची जाडी, २२० अंशांवर वीस मिनिटं, मग उलटून आणखी आठ-दहा. वरचा थर ओला असेतोवर त्याचं तापमान शंभराच्या आसपासच घुटमळतं, आणि खरपूस रंग यायला साधारण १४० च्या पुढे जावं लागतं. म्हणजे ओव्हन कितीही तापवा, आधी पाणी जायला हवं.

(धागा काढणारी):
फडकं! मी चाळणीत घेऊन चमच्याने दाबलं होतं. बोला पुढे.

शून्यमैदा:
मी फ्लॉवर सोडला आणि बदामाच्या पिठाकडे वळलो. १७० ग्रॅम किसलेलं मोझरेला आणि दोन चमचे क्रीम चीज मायक्रोवेव्हमध्ये वितळवायचं, त्यात ८५ ग्रॅम बदामाचं पीठ आणि एक अंडं. पहिल्या खेपेला चीज उकळतं असतानाच अंडं फोडलं. कणकेत अंडा भुर्जीचे तुकडे! आता आधी चीजमध्ये पीठ कालवतो, मिनिटभर थांबतो, मगच अंडं.

गोळा चिकट असतो, बेकिंगच्या दोन कागदांमध्ये ठेवून लाटा. मेणकागद नको, मेण वितळतं. काट्याने सगळीकडे टोचा, नाहीतर मधोमध फुगा येतो. हिशेब बघणाऱ्यांसाठी: १०० ग्रॅम मैद्यात कर्बोदकं सुमारे ७५ ग्रॅम, बदामाच्या पिठात सुमारे २०, आणि त्यातलीही निम्मी तंतू. पण दोन तुकड्यांत पोट भरतं, चौथा घेऊ नका. मी घेतलाय.

कोरडा विनोद:
चिकन खिमा, अंडं, पार्मेझान, पातळ थापून भाजा. पीठ नाही, कर्बोदकं जवळपास शून्य. कडक होतो. खाताना मात्र आपण कटलेट खातोय हे विसरता येत नाही.

ऑलिव्हवाली:
सगळे बेसच्या मागे लागलेत. माझे बेस उत्तम व्हायचे, आणि वरचं सामान घातल्यावर पाच मिनिटांत लोळागोळा. नीट बघा, या पिझ्झ्यावरचं निम्मं सामान एकतर खाऱ्या पाण्यातून येतं, नाहीतर तेलातून. ऑलिव्ह, केपर्स (खारवलेल्या छोट्या कळ्या), आर्टिचोक (एका काटेरी झाडाचे कोवळे कळे), फेटा, सनड्राइड टोमॅटो. आधी पिळून पिळून काढलेलं पाणी आपण वरून परत ओततो.

ऑलिव्ह आणि केपर्स मी धुऊन फडक्यावर लोळवते. आर्टिचोक मुठीत हलकेच दाबते. ताजं मोझरेला (पाण्यातले पांढरे गोळे) आदल्या अर्ध्या तासात तोडून चाळणीवर ठेवते, खालच्या वाटीत दुधट पाणी साठतं. ताज्या टोमॅटोच्या चकत्यांना मीठ लावून पंधरा मिनिटं कागदावर ठेवायच्या, मग टिपून घ्यायच्या. झुकिनीचंही तेच. सॉस तर मी बंदच केला. ऑलिव्ह तेलात ठेचलेला लसूण आणि ओरेगानो घालून तेवढं ब्रशने लावते. अगदीच लाल रंग हवा असेल तर दाट टोमॅटो पेस्ट, चमच्याच्या पाठीने, खालचा बेस दिसेल इतकी पातळ.

फेटा शेवटच्या तीन-चार मिनिटांत. तो मोझरेलासारखा तार धरत नाही, फक्त मऊ होतो आणि कडांना तांबूस. तार हवी म्हणून मी एकदा पंधरा मिनिटं ठेवला होता, वाळूचे खडे झाले. अरुगुला (तिखटसर पालेभाजी) आणि बेसिल पिझ्झा बाहेर काढल्यावर.

तव्यावरचा:
ऑलिव्हवालीला +१. ओव्हन नसलेल्यांसाठी: बिडाचा तवा चांगला तापवायचा, त्यावर किसलेलं पार्मेझान पातळ भुरभुरायचं आणि ते बुडबुडायला लागलं की अर्धवट भाजलेला बेस वर ठेवायचा. खाली चीजची जाळी तयार होते, काचेसारखी वाजते. झाकण ठेवू नका, वाफ परत खाली येते.

जांभळी:
अंडं खात नाही म्हणून इसबगोल वापरलं. बेस जमला, तुटला नाही, फक्त रंग फिकट जांभळा आला! घरच्यांनी हातच लावला नाही. काही इसबगोलाला भाजताना असा रंग येतो, खायला काही होत नाही. दुसरा डबा आणला तर रंग नीट. आता अळशीच्या पुडीवर आहे, एक चमचा पूड आणि तीन चमचे पाणी.

हरभरेपीठ:
इटलीतल्या लिगुरियात फरिनाता करतात, हरभऱ्याच्या पिठाची. पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. मी त्यावर रोझमेरी आणि कांदा घालते. यात बेस वेगळा करायचाच नाही, आणि कडा इतक्या कुरकुरीत की त्यावरून भांडणं होतात.

शून्यमैदा:
फरिनाता मलाही आवडते, पण ती या धाग्यात बसणार नाही. हरभऱ्याच्या पिठात १०० ग्रॅमला कर्बोदकं पन्नासच्या वर आहेत.

हरभरेपीठ:
बरं. पण कुरकुरीत आहे.

वारा फार:
एअर फ्रायरवाल्यांनो, रिकामा कागद ठेवून आधी तापवू नका. माझा उडून वरच्या कॉइलला चिकटला आणि धूर झाला. कागदावर वजन असेल तेव्हाच आत ठेवा. बेसिल आणि चिरलेला ओरेगानोही उडतो, चीजखाली दडपा. बाकी पंख्यामुळे बेस छान वाळतो.

वांगेबहाद्दर:
वांग्याच्या जाड चकत्या, मीठ लावून, टिपून, भाजून, वर फेटा. चव अव्वल. पण कुरकुरीत म्हणणाऱ्याने मला एकदा करून दाखवावं.

पिळदार:
एक राहिलंच. बेस भाजून झाला की ताटात ठेवू नका, जाळीवर ठेवा. ताटात खालची वाफ कोंडते आणि दहा मिनिटांत सगळी मेहनत ओली. उरलेला तुकडाही मायक्रोवेव्हमध्ये नको, तव्यावर. आणि घरच्या ओव्हनला उगाच दोष देऊ नका. इटलीतल्या नापोलीची (नेपल्सची) पिझ्झाभट्टी ४८५ अंशांच्या आसपास तापते, पिझ्झा दीड मिनिटात बाहेर. आपला ओव्हन २५० वर थकतो, मग आपण वेळ देऊन वाळवायचं.

(धागा काढणारी):
आज केला. फडकं, दोनदा पिळणं, जाळी, सॉसला सुट्टी. तुकडा उचलला, टोक सरळ! वाजलासुद्धा. पण ऑलिव्ह पुन्हा घरंगळले. आता त्यांना धरायला सॉसच नाही.

ऑलिव्हवाली:
उभे अर्धे चिरा आणि चिरलेली बाजू खाली, चीजमध्ये दाबून.