वोल्टाट पर्वतातल्या एकाच धारेला तीन नावं: जुळवायची कशी?

नकाशापेटी: अंटार्क्टिकातल्या भारतीय ‘मैत्री’ तळाच्या दक्षिणेला, क्वीन मॉड लँडमध्ये वोल्टाट पर्वत आहे. जर्मन, नॉर्वेजियन आणि रशियन नकाशे शेजारी ठेवले की एकाच धारेला (डोंगराच्या लांब, अरुंद माथ्याला) निरनिराळी नावं दिसतात. काही ठिकाणी नाव तेच, पण जागा सरकलेली. अंटार्क्टिकात नावं ठरवणारी एकच संस्था नाही का? दोन नावं एकाच धारेची आहेत हे कसं ओळखायचं?

दक्षिणधार: एकच संस्था नाही. प्रत्येक देश आपापली नावं देतो. ‘स्कार’ या अंटार्क्टिक संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या एकत्रित नावकोशात १९९२पासून ती सगळी गोळा होतात, पण त्यातलं खरं कुठलं याचा निवाडा तिथे होत नाही.

जागा सरकल्या त्याचं मूळ १९३८-३९च्या जर्मन मोहिमेत आहे. ‘श्वाबेनलँड’ जहाजावरच्या दोन डॉर्नियर विमानांनी हजारो तिरपे फोटो काढले, पण जमिनीवर मोजलेले संदर्भबिंदू पुरेसे नव्हते. तिरप्या फोटोत विमानाची जागा चुकीची धरली की अख्खी रांग सोबत सरकते. या फोटोंवरून नकाशे करणाऱ्या ओटो फॉन ग्रूबर यांचं नाव वोल्टाटमधल्याच ग्रूबर पर्वताला आहे. १९५६-६०च्या नॉर्वेजियन मोहिमेनं जमिनीवर मोजणी केली आणि नवे हवाई फोटो घेतले, तेव्हा कुठे नकाशा ताळ्यावर आला.

कातळकडा: आधी नावाचं शेपूट, म्हणजे धार किंवा डोंगर सांगणारा शेवटचा भाग, सोडवा. जर्मन ‘र्‍युकेन’, नॉर्वेजियन ‘र्‍युग’, रशियन ‘ख्रेबेत’: तिन्हींचा मूळ अर्थ पाठ किंवा कणा. आपण डोंगराची सोंड म्हणतो, तशीच अंगावरून घेतलेली नावं. नॉर्वेजियन ‘एग’ म्हणजे पात्यासारखी अरुंद धार. ‘फेला’ म्हणजे डोंगर, म्हणून शेजारच्या रांगेला ‘ऑर्विनफेला पर्वत’ लिहिणं म्हणजे पर्वत दोनदा लिहिणं. शेपूट काढून उरलेला भाग जुळवा.

दक्षिणधार: आणि फक्त अक्षांश-रेखांश जुळवून निकाल देऊ नका. ७१ अंश दक्षिणेला अक्षांशाचं एक मिनिट १.८५ किमी, पण रेखांशाचं जेमतेम ६०० मीटर. शिवाय लांबलचक धारेसाठी कोशात एकच बिंदू असतो. एका देशानं तो उत्तर टोकाला ठेवला, दुसऱ्यानं मध्यावर, तर काही किलोमीटरचा फरक सहज पडतो.

क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत नॉर्वेजियन ध्रुवीय संस्थेचा ‘क्वांटार्क्टिका’ हा अंटार्क्टिकाच्या नकाशांचा मोफत संच उघडा. दोन्ही बिंदू टाका, खाली ‘रेमा’ या अंटार्क्टिकाच्या उंची-प्रतिमानाची (जागोजागच्या उंचीच्या आकड्यांच्या संचाची) छायांकित प्रतिमा ठेवा. बिंदूंच्या मधे खोल खिंड किंवा हिमनदी आली तर धारा वेगळ्या. माथा सलग गेला तर बहुतेक एकच. मग दोन्ही नोंदींतली वर्णनं वाचून पक्कं करा.

नकाशापेटी: वर्णनात ‘उत्तर-दक्षिण धार’ आहे, पडद्यावर ती तिरकी दिसते.

दक्षिणधार: बरोबरच आहे. ईपीएसजी ३०३१ या दक्षिण ध्रुव मध्यभागी ठेवणाऱ्या नकाशा-प्रक्षेपणात शून्य रेखांश सरळ वर जातं. वोल्टाट साधारण १२ अंश पूर्वेला, म्हणून तिथली उत्तर उजवीकडे १२ अंश कललेली. नकाशा तेवढा डावीकडे फिरवा. उंची ताडताना मात्र जपा: ‘रेमा’ची उंची लंबगोलापासून (पृथ्वीच्या गणिती आकारापासून) मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नाही. छापील नकाशातल्या आकड्याशी ती थेट जुळणार नाही.