मल्टीकुकर एकच घ्यावा की सगळं सुटं सुटं? (टिळकनगर, ओटा लहान)

फोडणीची_घाई:

नमस्कार मंडळी. टिळकनगरला आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती, गेल्या महिन्यात नव्या घराचा ताबा मिळाला. हॉल वाढला, बेडरूम वाढली, स्वयंपाकघर आहे तिथेच. ओटा साडेसात फुटांचा. त्यात सिंक आणि शेगडी गेली की पोळपाट जेमतेम मावतो. प्लग ओट्यावर दोन, दोन्ही लहान. मोठा प्लग एकच, तो फ्रिजच्या मागे.

घरात चौघं. मुलाची बस सहा चाळीसला, नवऱ्याला सव्वासातची हार्बर लोकल, म्हणजे साडेसहाच्या आत दोन डबे भरलेले पाहिजेत. सध्या तीन आणि पाच लिटरचे दोन कुकर आहेत आणि एक मिक्सर.

खरी अडचण सासूबाईंची आहे. दुपारी त्या एकट्या असतात. ऐकू कमी येतं, कानातलं यंत्र घालायचा कंटाळा. शिट्ट्या मोजणं बंदच झालंय. मध्यंतरी डाळीचा कोळसा झाला, समोरच्यांना वास आला म्हणून बेल वाजवली. तेव्हापासून त्या गॅस पेटवत नाहीत, सकाळचा गार भात तसाच खातात. 'मला चालतो गं,' म्हणतात. मला नाही चालत.

म्हणून आपोआप बंद होणारं काहीतरी हवंय. पण यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढत चाललीय: राइस कुकर, इडलीचा स्टीमर, ओटीजी (बेकिंगचा छोटा ओव्हन), फूड प्रोसेसर. नवरा म्हणतो, एकच मल्टीकुकर घे (विजेवरचा प्रेशर कुकर, भात-डाळ-वाफवणं सगळं करणारा), विषय संपव. नणंद गणपतीत न्यूजर्सीहून येतेय, ती म्हणते मीच इन्स्टंट पॉट आणते, म्हणजे तिकडचा मल्टीकुकर. माझी आई म्हणते, सगळं एकात असलं की त्यातलं एकही धड नसतं. दोन्ही वापरलेल्यांनी सांगा. जाहिरातवाल्यांनी कृपया लांबून जावं.

बोरिवली_फास्ट:

डोळे मिटून मल्टीकुकर घ्या. आम्ही मालवणी माणसं, काळ्या वाटाण्याचं सांबारं आठवड्यातून एकदा असतंच. पूर्वी त्यासाठी शेगडीपाशी पहारा द्यावा लागायचा. आता वाटाणे, पाणी, मीठ घालून बटण दाबते आणि आंघोळीला जाते. शिजलं की स्वतःच 'गरम ठेवा'वर जातो. रात्री टायमर लावून सकाळी उसळ तयार, हेही होतं. फक्त एप्रिल-मे महिन्यात रात्रभर भिजत ठेवून टायमर लावू नका, पहाटेपर्यंत पाणी आंबतं. दह्याचं बटण मात्र शोभेचं. मुंबईत दही लागायला मशीन कशाला हवं?

गिरगावचा_डबा:

मी घरगुती डबे देते, त्यामुळे माझं मत थोडं तिखट लागेल. मल्टीकुकरवर '८ मिनिटे' दिसतात ना, ती प्रेशर आल्यानंतरची. प्रेशर यायला दहा-बारा मिनिटं, वाफ आपली आपण उतरायला आणखी पंधरा-वीस. म्हणजे वरणाला जवळजवळ पाऊण तास. तेवढ्यात माझ्या शेगडीवर कुकर उतरलेला असतो, भाजी झालेली असते आणि तिसऱ्या बर्नरवर पोळ्या अर्ध्या संपलेल्या असतात. एका भांड्याचं मशीन एका वेळी एकच काम करतं. त्यावर सात बटणं असली म्हणून सात हात येत नाहीत.

फोडणी त्यात करायच्या भानगडीत पडू नका. भांडं खोल, तळ मधे उंच, तेल कडेला पळतं, मोहरी मधे कोरडीच बसते. आणि झाकणाची सिलिकॉनची रिंग वास धरून ठेवते. माझ्या जावेने शनिवारी मटण केलं आणि चतुर्थीला त्यातच साबुदाण्याची खीर. उपासाच्या ताटात गरम मसाल्याचा घमघमाट. रिंगा दोन ठेवायच्या, एक गोडाची, एक तिखटाची.

कपलर_कार्बन_फ्यूज:

माझं परळला मिक्सर, कुकर, इस्त्री दुरुस्तीचं दुकान आहे. विकत काहीच नाही, त्यामुळे कुठल्या कंपनीचा जावई नाही.

ताई, बटणं मोजू नका. आत हीटर किती आणि मोटर किती ते विचारा. मल्टीकुकरवर 'खिचडी', 'पुलाव', 'डाळ', 'वाफवा', 'दही' असं काय काय छापलेलं असतं. झाकण काढून तळ उघडला की आत एक हीटरची तबकडी, मधोमध स्प्रिंगवर बसवलेला तापमानाचा सेन्सर आणि बाजूला एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड. बस. खिचडी आणि पुलाव यांत फरक फक्त किती वेळ आणि किती तापमान एवढाच. म्हणजे ते सात यंत्रांचं एक यंत्र नाहीच, ते एकच यंत्र आहे आणि त्याला सात नावं दिलीत. अशा एकत्र येण्यात धोका नाही. राइस कुकर, स्टीमर आणि प्रेशर कुकर हे तिन्ही मुळात 'बंद भांड्याला खालून आच' याच जातीचे. तुमच्या यादीतले पहिले दोन तिथेच कटले.

पण शिजवणं आणि वाटणं एकाच भांड्यात, किंवा खाली प्रेशर आणि वर एअर फ्रायरचं झाकण, ही खरी दोन यंत्रं एका अंगात कोंबलेली असतात. शिजवणाऱ्या मिक्सरमध्ये पात्याच्या दांड्याला जे सील असतं त्याला रोज उकळी सोसावी लागते. ते गेलं की आमटी खाली मोटरमध्ये. असं मशीन दुकानात येतं तेव्हा दोन्ही कामं एकदम बंद झालेली असतात आणि गिऱ्हाईक विचारतं, निदान वाटण तरी होईल का? होत नाही.

फूड प्रोसेसरही तसाच. चटणी वाटायला वेग लागतो, कणीक मळायला जोर लागतो, मोटर एकच. घट्ट कणकेचा गोळा घातला की ती गुरगुरते आणि गरम होते, तरी लोक बटण सोडत नाहीत. सुमीतची गोष्ट जुन्या लोकांना माहीत असेल. सत्य प्रकाश माथूर सीमेन्समध्ये इंजिनियर होते. बायकोच्या जर्मन मिक्सरची मोटर आपल्या वाटणापुढे जळाली म्हणून त्यांनी स्वतःच मोटर बनवायला घेतली, आणि १९६३ साली मुंबईत सुमीत मिक्सर बाजारात आला. ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, भिजवलेली उडीद डाळ, या कामाला वेगळी मोटर लागते हे साठ वर्षांपूर्वी सिद्ध झालंय. तुमचा मिक्सर आहे तो ठेवा. घरघर आवाज येऊन पाती फिरली नाहीत तर घाबरू नका, मोटर गेलेली नसते. जार बसतो तिथे खाली काळा रबरी कपलर असतो, त्याचे दात झिजतात. तो उलट्या आट्यांचा असतो, डावीकडे वळवून काढायला गेलात तर आणखी घट्ट बसेल. उजवीकडे वळवा, निघेल. किरकोळ खर्चाचं काम आहे.

आता मल्टीकुकरचं दुखणं. हीटर सहसा जात नाही, बोर्ड जातो. आणि मुंबईत बोर्ड जाण्याचं पहिलं कारण झुरळ. रात्रभर 'गरम ठेवा'वर राहिलेलं यंत्र म्हणजे त्यांना ऊबदार घर. तळ उघडला की बोर्डावर अंडी, लेंड्या, मधे एक भाजलेलं झुरळ दोन तारांना आडवं. पावसाळ्यात तर रांग लागते. काम झालं की प्लग काढायचा आणि महिन्यातून एकदा तळाच्या फटींतून ब्रश फिरवायचा. वॉरंटीत असताना उघडायचं मात्र नाही. शेगडीवरच्या कुकरला यातलं काही नाही. रिंग, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, तिन्ही कोपऱ्यावरच्या भांड्याच्या दुकानात मिळतात.

गिरगावच्या ताईंचा वेळेचा मुद्दा बरोबर आहे, त्याला आणखी एक कारण आहे. शिट्टीचा कुकर आत साधारण १२० अंशांपर्यंत जातो, इलेक्ट्रिकमध्ये दाब थोडा कमी, ११५ ते ११८. दोन-चार अंशांनीही तूरडाळीला फरक पडतो.

म्हणून तुमचे प्रश्न दोन आहेत, एक नाही. पहाटेचे डबे आणि सासूबाईंची दुपार. पहाटे तुम्हाला घाई आहे, तेव्हा शेगडी आणि तुमचे दोन कुकर यांना तोड नाही. दुपारी त्यांना घाई नाही, पाऊण तास लागला तरी हरकत नाही, पण विसरलं तर जळता कामा नये. मल्टीकुकर त्या दुपारसाठी घ्या. नुसता राइस कुकर भाताला उत्तम, त्यात बिघडण्यासारखंही काही नसतं: पाणी आटलं की तळ शंभर अंशांच्या वर जातो, लोहचुंबक सुटतं, खटका वर. पण त्यात दाब नाही, तुरीचं वरण शिजता शिजत नाही आणि फेस ओट्यावर येतो.

ओटीजी बेकिंग खरोखर करत असाल तरच. दर रविवारी नानकटाई होते का? नसेल तर तो माळ्यावर जातो आणि पुढच्या रंगकामाला खाली येतो.

फोडणीची_घाई:

काका, तुम्ही दुपार वेगळी काढलीत तिथेच अर्धं भांडण मिटलं. नानकटाई होत नाही, ओटीजी रद्द. नवऱ्याचं म्हणणं, मग जुने दोन्ही कुकर काढून टाकू, जागा होईल. आणि नणंदेचं काय करू? ती खरंच प्रेमाने आणतेय, नाही म्हटलं तर वर्षभर ऐकायला लागेल. विजेच्या बिलाचीही भीती आहे.

बोरिवली_फास्ट:

नणंदेला म्हणावं बदाम आण. बदामाला व्होल्टेज नसतं.

कपलर_कार्बन_फ्यूज:

हसण्यावारी नेऊ नका, बोरिवलीकर बरोबर बोलतायत. अमेरिकेतलं यंत्र १२० व्होल्टचं, आपल्याकडे २३०. प्लगला अडॅप्टर लावला म्हणजे व्होल्टेज उतरत नाही, फक्त पिन बदलते. व्होल्टेज जवळजवळ दुप्पट झालं की हीटर दुपटीने नाही, चौपटीच्या जवळ तापतो. हजार वॉटचा हीटर साडेतीन हजारांपुढे. फ्यूज वेळेत उडाला तर नशीब. ट्रान्सफॉर्मर लावून चालेल, पण हजार वॉटला दीड हजार व्हीएचा हवा, तो गॅसच्या लहान सिलिंडरएवढा जड, आणि तुमच्या ओट्यावर पोळपाट जेमतेम मावतो. शिवाय रिंग, भांडं, झाकणाचा व्हॉल्व्ह इथल्या मॉडेलला बसेल ते तिकडच्याला बसेलच असं नाही. २०१० साली कॅनडातून निघालेला हा इन्स्टंट पॉट जगभर खपला, तरी त्याच्या मालक कंपनीला जून २०२३मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. ब्रँड पुढे चालू राहिला, पण ज्याचे सुटे भाग आपल्या गल्लीत मिळतात तेच यंत्र आपलं, असं मी मानतो. इथला, २३० व्होल्टचा घ्या आणि नणंदबाईंना सांगा, त्याचे पैसे तुम्ही द्या. मान राहील.

जुने कुकर काढू नका. पाच लिटरचा हवा तर वर ठेवा, तीन लिटरचा हाताशी असू दे. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, आठवतंय? त्या दिवशी ज्यांच्याकडे फक्त इंडक्शन होतं ते शेजाऱ्यांच्या गॅसवर चहा करत होते.

बिलाचं म्हणाल तर हजार वॉट म्हणजे पूर्ण तास चालला तर एक युनिट. पण प्रेशर आल्यावर हीटर सतत चालत नाही. एका वरण-भाताला पाव ते अर्धा युनिट धरा.

आणि प्लग. लहान प्लग सहा अँपिअरचा, म्हणजे जेमतेम तेराशे-चौदाशे वॉट. हजारवाला मल्टीकुकर त्यावर चालतो. पण त्याच स्विचबोर्डावर थ्री-पिनचं एक्स्टेंशन खुपसून शेजारी किटली लावायची नाही. जळकी पिन घेऊन येणाऱ्या प्रत्येकाकडे असं एक्स्टेंशन असतंच.

फोडणीची_घाई:

शेवटचं विचारते. सासूबाईंना चष्म्यानेही बारीक अक्षर दिसत नाही. आणि माझे कुकरचे डबे त्यात बसतील का? त्यांना वरण खाली, भात वर असंच लावायची सवय आहे.

गिरगावचा_डबा:

ज्या बटणाशी त्यांचं काम आहे त्यावर लाल टिकली चिकटवा. माझ्या आईच्या मायक्रोवेव्हवर आहे, दोन वर्षं झाली, हलली नाही. बाकीच्या बटणांकडे बघायचंच नाही असं सांगून ठेवा.

कपलर_कार्बन_फ्यूज:

टिकली झकास. डब्यांचं असं करा: घरातला सगळ्यात रुंद डबा बरोबर घेऊन दुकानात जा आणि आतल्या भांड्यात ठेवून बघा. चारी बाजूंनी बोटभर जागा राहिली पाहिजे, नाहीतर गरम असताना चिमटा शिरत नाही. उंचीही बघा, दोन डबे रचल्यावर झाकण टेकता कामा नये. तळाला जाळी, खाली दीड वाटी पाणी, पाणी विसरलं की यंत्र ओरडून बंद होतं. डाळ डब्यात अर्ध्याच्या वर नको, फेस झाकणाच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. डाळ आधी अर्धा तास भिजवली तर भाताबरोबर एका वेळेत होईल, भात थोडा मऊ होईल इतकंच.

लोहार चाळीत घ्यायला जाणार असाल तर रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. आणि बिलावर मॉडेलचा नंबर लिहून घ्या, पुढे रिंग आणायला तोच लागतो.