नवी भाषा शिकलात, मग काय दिसायला लागलं?

नागपूर गोंड राजा बख्तबुलंद शाहानं वसवलं, भोसल्यांनी वाढवलं आणि १९५६ पर्यंत ते मध्य प्रदेशची राजधानी होतं. त्यामुळे एका घरात दोन-तीन भाषा चालणं आपल्या नागपूरकरांना नवं नाही. तर मोठेपणी एखादी भाषा, लिपी किंवा रीत शिकला असाल तर लिहा. 'याला मराठीत शब्दच नाही' छापाच्या गमती नकोत. आधी नजरेतून सुटायचं आणि आता सुटत नाही, असं काय? (इंग्रजीचे अनुभव आवरते घ्या बावा, ते फार झाले.)

प्रतापनगरहून

भाच्याला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून भारतीय सांकेतिक भाषा शिकले. वाटलं होतं हात शिकायचे आहेत, पण शिकावा लागला चेहरा. हो-नाही उत्तराचा प्रश्न असेल तर भुवया वर जातात. नाही गेल्या तर ते साधं विधान होतं. 'कोण', 'कुठे' वाक्याच्या शेवटी. आता बोलणाऱ्या कुणाच्याही भुवयांकडे आधी लक्ष जातं.

दुसरी गोष्ट उजेडाची. फुटाळा तलावावर भाच्याचे मित्र दिव्याखालची जागा धरतात आणि गोल बसतात. रांगेत बसले तर शेवटच्याला दिसणार काय? लग्नाच्या पंगतीत तो इतका का कंटाळतो, ते मला तेव्हा उमगलं. रात्री लाईट गेली की आमच्या गप्पांना रंग चढतो, त्याच्या बंद पडतात. मोबाईलचा टॉर्च सगळ्यांत आधी तोच लावतो. आणि हातात तर्री-पोह्याची प्लेट असेल तर त्याला मोठं काही विचारायचं नाही, हेही शिकले.

मिहानमधून

जपानी शिकून राहिलो. फोनवर गप्प ऐकत बसलं की तिकडचे विचारतात, लाईन सुरू आहे ना? ऐकणाऱ्यानं मधूनमधून हुंकार द्यायचाच असतो. आमची मामी फोनवर 'हौ… हौ…' करते तेच की! आधी मी तिची नक्कल करायचो. आता गप्प ऐकणारे लोकंच विचित्र वाटतात.

देवलापारहून, आरोग्य खात्यात

गोंडी कामापुरतीच येते. पण दोन वाक्यं बोलता आली की ओसरीत बसवतात आणि मग कुळाच्या देवांचा विषय निघतो: कुणाचे चार, कुणाचे पाच, सहा, सात. सारख्या देवांच्या घरांत सोयरीक होत नाही. पूर्वी आडनाव ऐकलं की मी गाव विचारायची, आता देव किती हे मनात येतं. झाडांत मला फक्त साग कळायचा. आता ऐन आधी दिसतो, मगरीच्या पाठीसारख्या सालीचा, कारण बडादेवाचं, म्हणजे गोंडांच्या मोठ्या देवाचं, ठाणं त्याच्यात मानतात. पेंचकडे जाणारे वाघ शोधतात. मी गावाबाहेरच्या ऐनाखाली पूजा मांडलीय का ते बघते.

मूळची पुण्याची, आता धरमपेठ

भाषा नाही, पण चालेल ना? सासूबाई कूलरच्या आवाजावरून टाकीतलं पाणी सांगायच्या. मला चेष्टा वाटायची. पंप हवा ओढायला लागला की घरघर बदलते, आता झोपेतही कळतं.

महालातून

मोडी हौसेनं शिकलो नाही. वाड्याच्या वाटणीत जुने कागद निघाले आणि वाचणारा माणूस परवडेना. मोडीत ओळभर शिरोरेषा आधी ओढतात, अक्षरं मग तिला टांगतात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द सलग. त्यामुळे अक्षरापेक्षा कागदाची रीत ओळखावी लागते: आता नाव येणार, आता गाव, आता रक्कम. वाटणी अजून झालेली नाही, तो विषय वेगळा. पण सक्करदऱ्याकडच्या हातानं रंगवलेल्या पाट्या बघायची सवय लागली. शेवटची दोन अक्षरं दाटीनं कोंबलेली दिसली की समजायचं, पेंटरनं रेषा आधी मारली आणि हिशेब नंतर केला.

धागा काढणारा

धरमपेठवाल्या ताई, चालेल काय, पळेल! महालवाले भाऊ, रविवारी त्या पाट्या दाखवा.