अरबी कादंबरीतली धर्माची भाषा कोणाची? सत्तेची की गरिबांची?

गल्लीबोळ:
इजिप्तच्या नजीब महफूझची कैरो त्रयी (एकाच घराण्यावरच्या तीन कादंबऱ्या, १९५६-५७) आणि अला अल-अस्वानीची 'याकूबियन बिल्डिंग' (२००२) पाठोपाठ वाचल्या. माझं मत झालंय की ज्याच्या हातात सत्ता त्याच्याच तोंडी देवाची भाषा शोभून दिसते. त्रयीतला घरमालक अहमद अब्द अल-जवाद रात्री दारू-गाणं करून घरी येतो, नमाजही मनापासून पढतो, आणि बायको अमीना त्याला न विचारता अल-हुसैनच्या मशिदीत गेली, वाटेत गाडीची धडक बसून हाड मोडलं, तर ती बरी होईपर्यंत थांबून मग तिला माहेरी धाडतो. दर्शनाला गेली म्हणून शिक्षा! आणि 'याकूबियन'मधला धनाढ्य हाजी अज्जाम तर खासदारकीचा सौदा ठरला की फातिहा (कुराणातला पहिला अध्याय) म्हणतो, दुसऱ्या बायकोला दिवस गेले की गर्भपात धर्मात बसतो हे तिला पटवायला शेखला, म्हणजे धर्मगुरूला, घरी आणतो.

उंबरठा:
अजिबात पटलं नाही. अमीना रात्री त्या मोठ्या घरात एकटी नवऱ्याची वाट बघते, जिन्नांची भीती वाटते तेव्हा कुराणातल्या आयता म्हणते, तिथे कुठली सत्ता? तिचं स्वतःचं असं तेवढंच आहे. आणि 'याकूबियन'मधल्या ताहाला विसरलात का, दरवानाचा मुलगा, पोलीस अकादमीत बापाचा धंदा विचारून नापास केलेला? त्याला माणूस म्हणून मान मिळाला तो कॉलेजातल्या गरीब, नमाजी पोरांत.

गल्लीबोळ:
आणि त्याच वाटेने शेवटी बंदूक हातात आली, ते?

उंबरठा:
मधलं पान गाळू नका हो, कोठडीत पोलिसांनी त्याच्यावर काय अत्याचार केले ते वाचा, बंदूक त्यानंतर आली.

शाईपेन:
दोघांनीही त्रयीचा शेवट घेतला नाही. अहमदचे दोन नातू, एक मुस्लिम ब्रदरहूड या धार्मिक-राजकीय संघटनेचा, एक कम्युनिस्ट, आणि सरकार दोघांनाही एकत्रच उचलतं. म्हणजे देवाचं नाव घेतलं म्हणून सत्ता आपली होत नाही. भांडण आहे ते ही भाषा वापरायचा हक्क कोणाला याचं. महफूझने १९५९ मध्ये 'अल-अहराम' या वर्तमानपत्रात पैगंबरांच्या कथा कैरोच्या एका गल्लीत आणून ठेवल्या, तर ते पुस्तक इजिप्तमध्ये छापायला २००६ उजाडलं, आणि मधे १९९४ ला म्हाताऱ्या लेखकाच्या मानेत सुरा खुपसला.

गल्लीबोळ:
मग माझंच म्हणणं झालं की! अज्जामच्या फातिहाला कोणी हात लावला नाही, सुरा बसला तो लेखकाला.